कॉफीच्या दुधाचा जग कसा घ्यावा?



जळगावच्या एका भगिनीने आमच्याकडे विचारणा केली आहे. त्यांची मुलगी बारावी होऊन पुण्यात एका कॉफीच्या दुकानात कामाला लागली. तिथे वाफेवर तापवलेले फेसाळ दूध कपात ओतता ओतता त्यावर बदाम, पान, फूल अशी नक्षी उमटवायची असते. मुलीचा हात अजून बसलेला नाही. सुट्टीत घरी आली तेव्हा तिने सरावासाठी चोचीचा स्टीलचा जग मागितला. वडील मार्केट यार्डात हमाली करतात. घरात पातेली, तांबे, गडू, किटली सगळे असताना दूध ओतायला आणखी एक भांडे कशाला, असे त्यांचे म्हणणे. आईची मधल्यामध्ये पंचाईत झाली. जग घ्यावा की नाही आणि घ्यायचाच तर कसला घ्यावा, ते तुमच्या पानात सांगा, असे त्या म्हणतात.

विचारणा वरवर पाहता लहान आहे. या पानात आम्ही पापडाच्या पिठापासून मुलांच्या वह्यांपर्यंत सगळे लिहितो, त्यात हेही बसते. पण ही गोष्ट एका मुलीच्या नोकरीची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी वडिलांच्या बाजूने. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे मुळीच नाही. आपल्या धम्मात भांड्याचा विचार फार बारकाईने झालेला आहे. विनयपिटकात कथा आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने चंदनाचे पात्र करवून उंच बांबूवर टांगले आणि जो चमत्काराने ते खाली आणील त्याचे ते, असे जाहीर केले. पिंडोल भारद्वाज या भिक्षूने ते मिळवले. भगवान बुद्धांनी त्याची कानउघाडणी केली. लाकडाच्या भांड्यासाठी चमत्कार दाखवतोस काय, असे विचारून ते पात्र फोडायला लावले. पुढे सोन्याचे, चांदीचे, स्फटिकाचे, काशाचे, तांब्याचे अशी सगळी पात्रे वर्ज्य ठरली आणि भिक्षूला दोनच पात्रांची मोकळीक राहिली, लोखंडी आणि मातीचे. दुसरा नियम तर आमच्या गृहिणींना फारच पटेल. हातातले पात्र पाच ठिकाणी सांधलेले होईपर्यंत भिक्षूने नवे मागू नये. तेव्हा घरात भांडे असताना नवे कशाला, हा प्रश्न करणाऱ्या बापाच्या पाठीशी अडीच हजार वर्षांची परंपरा उभी आहे.

पण त्याच नियमात दुसरीही बाजू आहे. पात्र शोभेचे नको, कामाचे हवे, आणि ज्या कामाला जे लागते ते घेण्याची मोकळीक आहे. गवंड्याला थापी लागते, शिंप्याला कातर लागते. स्वयंपाकघरातल्या सुरीने कापड कापता येते, पण कोणी शिंपी तसे शिकत नाही. या मुलीच्या हाती जग ही तिची थापी आहे. म्हणून आमचे मत जग घ्यावा असे आहे. मात्र एकच घ्यावा, लहान घ्यावा, आणि वाफेचे महागडे यंत्र घरात आणू नये.

ही नक्षीची कॉफी म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्या लग्नांत हिवाळ्याच्या दिवसांत कॉफीचे मशीन येते, ते सर्वांना माहीत आहे. चकचकीत टाकी, तिला नळी, नळीखाली दुधाचा मग धरला की खर्रर्र आवाज होऊन दूध फेसाळते, आणि वरून चॉकलेटची भुकटी भुरभुरतात. आपण त्याला एक्स्प्रेसो म्हणतो. खरी एक्स्प्रेसो म्हणजे दाबाखाली गरम पाणी सोडून काढलेला कॉफीचा दाट काळसर अर्क. लग्नातल्या कपात बहुतेक वेळा भुकटीची कॉफी असते. पण वाफेने दूध फेसाळण्याची रीत तीच. कॉफीच्या दुकानात फरक एवढाच की तिथे फेस साबणासारखा फुगलेला चालत नाही. फेसाचे बुडबुडे डोळ्यांना दिसू नयेत इतके बारीक हवेत आणि ते दुधात पूर्ण मिसळलेले हवेत. असे दूध ओल्या ऑइलपेंटसारखे चकाकते. ते तपकिरी अर्कावर योग्य उंचीवरून ओतले तर पांढरे वर उमटते. अमेरिकेत सिएटल शहरी डेव्हिड शोमर नावाच्या कॉफीवाल्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ही कला नावारूपाला आणली. इटलीतही तिचे जाणकार झाले. आपल्याकडे बंगळूरला १९९६ साली कॅफे कॉफी डेचे पहिले दुकान निघाले, मुंबईत २०१२ साली स्टारबक्स आले, आणि मग ही दुकाने शहरोशहरी पसरली. त्या काउंटरमागे उभी राहणारी मुले कोणाची आहेत? बहुतेक कष्टकऱ्यांचीच. त्यांत आपलीही आहेत.

आता जगाकडे वळू.

पहिली गोष्ट माप. दुकानात साधारण साडेतीनशे मिलिलिटर, सहाशे मिलिलिटर आणि एक लिटर असे जग मिळतात. मोठा घेतला तर पाहुण्यांनाही होईल, असा आपला हिशेब असतो. इथे तो हिशेब चुकतो. जगात दूध चोचीच्या मुळाच्या किंचित खाली, म्हणजे साधारण एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत भरायचे असते. फेसाने ते फुगते, त्याला वर जागा लागते. एका कपाला सव्वाशे ते पावणेदोनशे मिलिलिटर दूध पुरते. एवढे दूध लिटरच्या जगात घातले तर तळाला पसरते, फिरत नाही, आणि ओतताना चोचीपर्यंत येता येता फेस मागे राहतो. घरच्या सरावाला साडेतीनशेचा जग. दोन कप एकदम करायचे असतील तर सहाशेचा. त्याहून मोठा घेऊच नये.

दुसरी गोष्ट घडण. पोट रुंद आणि तोंड जरा आवळलेले असावे, म्हणजे दूध आत भोवऱ्यासारखे फिरते. पत्रा फार जाड नको. एक हात कानाला आणि दुसऱ्या हाताची बोटे जगाच्या पोटाला लावून दुधाची ऊब ओळखायची असते. काचेच्या किंवा चिनीमातीच्या जगात ती ऊब उशिरा कळते आणि फुटण्याची धास्ती वेगळीच. प्लास्टिकचा विचारही करू नये. आतून काळा लेप दिलेले जग दिसायला छान असतात, पण आपल्याकडे भांडी घासण्याची रीत तारेच्या काथ्याची. तो लेप किती दिवस टिकणार?

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट चोच. रुंद, गोलसर चोचीतून दूध जाड धारेने येते. बदामासारखी भरीव नक्षी तिने सोपी जाते. अरुंद, टोकदार चोचीतून बारीक धार येते, ती पानाच्या शिरा काढायला बरी. शिकणाऱ्याने गोल चोचीचाच घ्यावा. दुकानात जग हातात घेऊन समोरून पाहावा. चोचीचे टोक आणि मागचा कान एका रेषेत आहेत का? चोच जरा जरी तिरकी असेल तर धार बाजूला जाते आणि मुलगी बिचारी स्वतःच्या हाताला दोष देत बसते. मग दुकानदाराकडे तांब्याभर पाणी मागावे. लाजू नये. आपण पैसे देऊन भांडे घेतो आहोत. जग निम्मा भरून हळू ओतून पाहावा. धार अखंड पडली पाहिजे आणि थांबवल्यावर थेंब चोचीखालून ओघळता कामा नये. निम्म्या भरलेल्या जगाचा तोल मनगटाला झेपतो का, कानात दोन-तीन बोटे नीट बसतात का, हेही तेव्हाच कळते. आतून बोट फिरवावे. कानाचा जोड आतपर्यंत आलेला नसावा, कुठे खाच किंवा कंगोरा नसावा. तिथे दूध साचते आणि दुसऱ्या दिवशी वास मारते.

किटली का चालत नाही, असा वडिलांचा प्रश्न असेल तर त्याचेही उत्तर आहे. किटलीची तोटी पोटातून निघते. फेस हलका म्हणून वर राहतो आणि तोटीतून खालचे नुसते दूध येते. चहाला ते उत्तम, कारण साय आणि पत्ती मागे राहते. इथे मात्र फेसच हवा असतो. गडू आणि तांब्याला चोच नसते. पातेल्याच्या काठावरून ओतलेली धार कशी पसरते ते कोणत्याही गृहिणीला सांगायला नको.

चौथी गोष्ट धातू. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्याला कल्हई हवी, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो. कल्हईवाला नवसागर आणि कथिल घेऊन दारी येत असे, तो आता अनेक गावांत दिसेनासा झाला आहे. ॲल्युमिनियम हलके आणि स्वस्त, पण त्याला खळगे पडतात, पोचे येतात. स्टेनलेस स्टील हेच यासाठी योग्य. त्यातही प्रती आहेत. १८/८ किंवा ३०४ असे लिहिलेले असेल तर त्यात साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असते. स्वस्त मालात निकेल कमी करून मँगनीज घालतात, ते लवकर डागाळते. आमच्याकडे लोहचुंबक लावून स्टील पारखायची पद्धत आहे. ती इथे अर्धवटच उपयोगी पडते. चुंबकाला घट्ट चिकटले तर ते ३०४ नव्हे हे खरे, पण मँगनीजचे स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. म्हणून खूण पाहून आणि ओळखीच्या दुकानातून घ्यावे. केंद्र सरकारने २०२४ साली स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना आयएसआय खूण सक्तीची करण्याचा आदेश काढला आहे. ती खूण मागून घ्यावी. साधा देशी जग काही शे रुपयांत येतो. परदेशी नावाचे हजारोंनी आहेत. ते दुकानाच्या मालकाने घ्यावेत. मुलीने नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगून टाकतो. गंजू न देणारे हे स्टील १९१३ साली इंग्लंडात शेफिल्ड येथे ज्याने पुढे आणले, तो हॅरी ब्रिअरली वितळभट्टीवर काम करणाऱ्या मजुराचा मुलगा. बाराव्या वर्षी शाळा सोडून तो कारखान्यात लागला होता. कामगाराच्या मुलाने शोधले आणि कामगारांच्या मांडणीवर येऊन बसले.

आमच्या मांडणीवर मात्र ते सहज येऊन बसलेले नाही. बोहारणीला जुन्या साड्या देऊन घेतलेले पातेले, लग्नात नाव घालून मिळालेला तांब्या, पगारातून वाचवून घेतलेला डबा, एकेक करून मांडणी भरली. आमच्या आज्यांच्या काळी भांडे कोणत्या धातूचे, हाच मुळी भांडणाचा विषय होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांना अपपात्र म्हटले आहे आणि त्यांनी फुटक्या भांड्यांत जेवावे असे सांगितले आहे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्या ग्रंथाचे दहन केले तो हाच. आणि ही केवळ पोथीतली गोष्ट नव्हती. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि करता न आलेल्या भाषणात बाबासाहेबांनी गुजरातेतल्या अहमदाबाद जिल्ह्यातील झानू या गावची घटना नोंदवली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तेथील बऱ्या स्थितीतल्या अस्पृश्य घरांतील स्त्रिया धातूच्या घागरींतून पाणी आणू लागल्या. मातीची घागर सोडून धातूची घेतली, एवढाच अपराध. सवर्णांना तो आपल्या प्रतिष्ठेचा अपमान वाटला आणि त्यांनी त्या स्त्रियांवर हल्ला केला. त्याच भाषणात जयपूर संस्थानातील चकवारा गावचीही हकीकत आहे. यात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्याच लोकांना पंगत दिली आणि पानात तूप वाढले, म्हणून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने पंगत उधळली. कोणाच्या हातात कसले भांडे आणि कोणाच्या पानात दुधातुपाचा थेंब, यावर ज्या देशात डोकी फुटली, त्या देशात आमच्या मुलीने स्टीलचा जग मागितला तर ती चैन की आणखी काही, हे वाचकांनीच ठरवावे.

चहाच्या दुकानातला आमचा कप वेगळा ठेवला जाई, बाहेर खुंटीला नाहीतर वळचणीला. पिऊन झाल्यावर तो ज्याचा त्यानेच विसळायचा. अजूनही काही ठिकाणी ही रीत चोरून चालते. घटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, कलम १५ ने हॉटेलात शिरण्याची मनाई मोडली. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, सार्वजनिक उपाहारगृहातील भांडी वापरू न देणे हा स्पष्ट गुन्हा आहे. पण कायद्याने कप मिळाला तरी पुष्कळ हॉटेलांत आमचा माणूस मोरीवर भांडी घासायलाच राहिला. चुलीजवळ दुसरे उभे राहिले. आज आमची मुलगी काउंटरमागे उभी राहून स्वतः ओतलेला कप पुढे सरकवते, आणि तो घेणारा ओतणाऱ्या हाताची जात विचारत नाही. निदान विचारू शकत नाही. एवढे तरी झाले आहे.

आता कोणी म्हणेल, नोकरी लागली, मग सरावाचे हे खटले कशाला? काम करता करता शिकेल. आम्हाला यावर खानदेशातलीच एक हकीकत आठवते. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी समिती नेमली, बाबासाहेब तिचे सभासद होते. खानदेशचे दोन्ही जिल्हे त्यांच्याकडे आले. धुळे लाइनवरच्या एका गावी बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. वस्तीतल्या लोकांनी रात्री राहण्याचा आग्रह केला. स्टेशनवरून वस्तीत न्यायला टांगा हवा होता. टांगेवाले अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार होईनात. तो त्यांना कमीपणा वाटला. मग टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मात्र आपल्यातलाच एक बसवला. त्याला टांगा हाकता येत नव्हता. वाटेत मोटारीवर आदळता आदळता वाचले, आणि पुढे नदीवरच्या फरशीवर घोडा उधळून टांगा उलटला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. पुढे ही हकीकत लिहिताना त्यांनी त्या लोकांच्या प्रेमाला नावे ठेवली नाहीत. पण पाहुण्याच्या मानापेक्षा त्याचा जीव महत्त्वाचा होता हे ते विसरले, असे स्पष्ट म्हटले आहे. मान राखायला जिद्द लागते तसाच शिकलेला हातही लागतो. टांग्याचा लगाम काय आणि दुधाचा जग काय, हाताला सवय नसेल तर दाखवायला उपयोग नाही. म्हणून त्या भगिनींच्या यजमानांना आम्ही नम्रपणे सांगतो, सराव हा खर्च नव्हे.

खर्च होतो तो दुधाचा, आणि तिथे आम्ही वडिलांच्या बाजूचे आहोत. दिवसाला चार वेळा नक्षी काढून पाहायची म्हटले तर अर्ध्या लिटरहून जास्त दूध जाते. घरात लहान मूल असेल तर आधी त्याचा पेला. यावर युक्ती आहे. जगात थंड पाणी घेऊन त्यात भांडी घासायच्या साबणाचा एकच थेंब टाकावा आणि फेस करावा. त्याच्या धारेवर मनगट, उंची आणि वेग यांचा सराव पुष्कळ होतो. हे पाणी अर्थात पिण्याचे नाही. जग नंतर तीन-चार पाण्यांनी धुवावा आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. हात बसला की मग दूध घ्यावे, दिवसातून एकदा. ते दूध चहात घालावे, टाकू नये.

दूध कोणते? फेस धरतो तो दुधातल्या प्रथिनांमुळे, मऊपणा येतो तो स्निग्धांशामुळे. टोन्ड दुधात तीन टक्के स्निग्धांश असतो, स्टँडर्डाइज्डमध्ये साडेचार, फुल क्रीममध्ये सहा. टोन्डचा फेस लवकर येतो पण पातळ वाटतो. म्हशीचे किंवा फुल क्रीमचे दूध जड जाते. गाईचे किंवा साडेचार टक्क्यांचे दूध मध्यम, सरावाला तेच बरे. पिशवीतले दूध पाश्चराइज केलेले असते. गवळ्याचे सुटे दूध मात्र आधी नीट उकळलेच पाहिजे. उकळून, साय काढून, गार करून मग वापरावे. फेस थोडा कमी येईल, चालेल. दूध थंडगार असावे, म्हणजे फेसायला वेळ मिळतो. आमच्या भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना आणि वीज गेलेली असताना, हे बोलणे सोपे आहे! फ्रिज नसेल तर सकाळी लवकर सराव करावा. दूध भरलेला जग गार पाण्याच्या परातीत थोडा वेळ ठेवावा, वर ओले फडके टाकावे.

घरी वाफेचे यंत्र नाही, मग फेस कसा करायचा? आपल्या घरची रवी आहे की! दूध पातेल्यात तापवून जगात ओतावे आणि लहान रवीने घुसळावे. फेस जाडसर येतो. जग ओट्यावर दोनदा आपटला की मोठे बुडबुडे फुटतात, मग तो गोल गोल हलवला की दूध एकजीव होते. याहून बरा फेस काचेच्या दट्ट्याच्या कॉफीपात्रात येतो. निम्मे गरम दूध घालून दट्ट्या पंचवीस-तीस वेळा वरखाली करावा. सेलवर चालणारी छोटी घुसळणीही मिळते. मात्र एक गोष्ट कळकळीने सांगतो. काही जण कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी बसवून वाफ काढतात. हे कदापि करू नये. नळी तुंबली तर कुकर फुटतो, नळी निसटली तर हात भाजतो.

दूध फार तापवू नये. पंचावन्न ते पासष्ट अंशांपर्यंत ते गोडसर लागते. सत्तरच्या पुढे गेले की उकळल्याचा वास येतो आणि फेस सैल पडतो. जगाच्या पोटाला लावलेला तळवा चटका बसून उचलावासा वाटला की साठाच्या आसपास पोहोचले, असे समजावे. दुकानात वाफेच्या नळीखाली धरताना पहिले काही क्षण नळीचे टोक दुधाच्या पृष्ठभागाला लागून ठेवायचे, म्हणजे हवा आत जाते. जग कोमट झाला की टोक जरा खोल घालून दूध भोवऱ्यासारखे फिरवायचे. हे मुलीला तिथे शिकवलेच असेल.

घरी कॉफीचा अर्क नसला तरी अडत नाही. चमचाभर भुकटी दोन चमचे गरम पाण्यात विरघळवून कपाच्या तळाला घ्यावी. साखर घालून फेटलेली कॉफी चवीला छान, पण तिच्यावर नक्षी उठत नाही. कप जरा कलता धरावा. आधी तीन-चार बोटांच्या उंचीवरून बारीक धार सोडावी, दूध खाली जाऊन मिसळते. कप निम्म्याहून वर भरला की जगाची चोच अगदी कॉफीला टेकेल इतकी खाली आणावी आणि धार वाढवावी. पांढरा गोल वर येईल. कप भरत आला की जग किंचित उचलून त्या गोलातून बारीक धार सरळ पुढे ओढून न्यावी. गोलाचा बदाम होतो. पिंपळपान म्हटले तरी चालेल. पहिले पंधरा-वीस कप ढगासारखेच होणार. हसणाऱ्या भावंडांना तो कप प्यायला द्यावा.

वैशाख पौर्णिमेला विहारात खीरदान असते तेव्हा मोठ्या पातेल्याचे दूध तळाला लागू नये म्हणून आपण उलथने फिरवत राहतो आणि रिकामे झाल्याबरोबर त्यात पाणी ओततो. जगाचेही तसेच. ओतून झाल्याबरोबर गार पाण्याने विसळावा. दूध वाळले की त्याचा पांढरा थर चोचीच्या आतल्या घडीत धरतो आणि पुढच्या दुधाला वास लागतो. उरलेले दूध त्यात ठेवू नये, पुन्हा तापवून फेसायलाही घेऊ नये. मऊ फडके आणि साबण पुरे, तारेचा काथ्या नको. थर बसलाच तर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून तासभर भरून ठेवावा. मग धुऊन उपडा घालावा, पण मांडणीच्या कडेला नको, चोचीला पोचा येतो. आणि घेतानाच कानाखाली मुलीचे नाव घालून घ्यावे. दुकानात असे जग सगळे सारखेच दिसतात.